न दुखणारी जखम

मधुमेह म्हटला की आपल्या मनात प्रथम येते ती रक्तातील साखर. परंतु या रोगामुळे ज्यांना रुग्णालयात दीर्घकाळ राहावे लागते, त्यांपैकी अनेकांच्या आपत्तीचे मूळ पायाच्या तळव्यावरील एका लहानशा व्रणात असते. हा व्रण बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच रुग्ण त्याकडे लक्ष देत नाही. पुढे त्यात जंतूंचा शिरकाव होतो, ते हाडापर्यंत पोहोचतात आणि अखेरीस बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय कापण्याची पाळी येते.

ही जखम दुखत का नाही? रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतूंची हानी होते. सर्वांत लांब तंतू पायांकडे जाणारे असल्यामुळे हानीचा आरंभ तेथूनच होतो. स्पर्शाचे व वेदनेचे ज्ञान मंदावते. पावलातील लहान स्नायू दुर्बळ होऊन बोटे वाकतात आणि शरीराचा भार मोजक्या जागी एकवटतो. घाम येईनासा झाल्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते. दाबाच्या जागी घट्टा तयार होतो व तो वहाणेतील खड्याप्रमाणे आतल्या मांसाला टोचत राहतो. निरोगी मनुष्य अशा वेळी नकळत चाल बदलतो, लंगडतो किंवा बसून घेतो. ज्याची वेदना हरपली आहे, तो मात्र त्याच जागेवर भार देत चालत राहतो.

या साध्या वाटणाऱ्या सत्याचा उलगडा होण्यास मद्रासचा परिसर, म्हणजे आजचे चेन्नई व त्याच्या आसपासचा प्रदेश, मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. तो उलगडा मात्र मधुमेहाच्या नव्हे, तर कुष्ठरोगाच्या अभ्यासातून झाला. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडतात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. चेंगलपट्टू व वेल्लोर येथील रुग्णांना पाहिल्यावर ब्रँड यांच्या ध्यानात आले की, ही हानी पुष्कळ अंशी वेदना नाहीशी झाल्याचा परिणाम आहे. रुग्ण भाजून घेतो, कापून घेतो, जखमेवर चालतो. परंतु त्याला ते कळत नाही. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले. मधुमेहाच्या रुग्णांच्या पावलांची कथाही हीच असल्याचे तेथे स्पष्ट झाले. एकदाच बसलेल्या मोठ्या आघातापेक्षा हजारो पावलांचा बेताचा दाब पुनःपुन्हा त्याच जागी पडल्याने मांस सुजते व फुटते, हेही त्यांनी प्रयोगांनी दाखविले.

यावरून उपचाराचे मुख्य सूत्र निघते : वेदना जे काम करीत होती, ते अन्य साधनांनी करणे, म्हणजे व्रणावरील भार काढून घेणे. त्यापूर्वी चिकित्सक पावलाच्या नाड्या चाचपून रक्तपुरवठा पाहतो. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर प्रथम तिचा उपाय करावा लागतो. मृत मांस व घट्टा कापून काढतात, जंतुसंसर्ग असल्यास जंतुनाशक औषधे देतात आणि साखर ताब्यात आणतात. मात्र एवढे करूनही रुग्ण त्याच पायावर चालत राहिला, तर मलमपट्टीचा उपयोग होत नाही. म्हणून पाऊल व पोटरी यांना सर्व बाजूंनी घट्ट बसणारा प्लॅस्टरचा साचा घालतात. त्यामुळे भार सर्वत्र विभागला जातो आणि रुग्ण थोडाफार हिंडूफिरू शकतो. रक्तपुरवठा पुरेसा असल्यास व जंतुसंसर्ग खोल नसल्यास बहुतेक व्रण काही आठवड्यांत भरून येतात.

भरलेला व्रण पुन्हा उघडू नये, हे याहून कठीण काम होय. त्यासाठी पादत्राण हेच औषध ठरते. कुष्ठरोग्यांसाठी वेल्लोर येथे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या वहाणा वापरात आल्या होत्या. चेन्नईतील रोयपुरम येथे डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेले रुग्णालय पुढे केवळ मधुमेहासाठीचे झाले होते. तेथील चिकित्सकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मऊ तळाची पादत्राणे वापरणाऱ्यांमध्ये नवे व्रण साध्या वहाणा वापरणाऱ्यांपेक्षा पुष्कळच कमी झाले. अडचण राहते ती लोकलज्जेची. अशी वहाण पाहून लोक आपल्याला कुष्ठरोगी समजतील, या भीतीने काही रुग्ण ती घालण्याचे टाळतात. म्हणून नेहमीच्या चपलेसारखी दिसणारी पादत्राणे बनविणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

आपल्याकडे घरात व देवळात अनवाणी वावरण्याची रीत आहे. उन्हाळ्यात तापलेल्या दगडी फरशीवर बधिर तळवे भाजतात आणि हे रात्रीपर्यंत कळतही नाही. अशा व्यक्तीने घरात वेगळी मऊ चप्पल वापरावी, भर दुपारी देवळाच्या प्रांगणात जाऊ नये, पाय गरम पाण्यात बुडवू नयेत आणि घट्टे पात्याने कापू नयेत. वहाण घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. वर्षातून निदान एकदा चिकित्सकाकडून पावलांची परीक्षा करून घ्यावी. त्यासाठी नायलॉनचा एक तंतू पुरतो. तो वाकेपर्यंत तळव्यावर टेकवला असता १० ग्रॅम भार पडतो. तेवढा स्पर्श ज्याला जाणवत नाही, त्याने दररोज रात्री आरशात आपले तळवे पाहावेत. दृष्टी मंद असेल तर घरातील कोणाकडून तरी ते पाहून घ्यावेत. फोड, लाली, सूज किंवा ओलसर डाग दिसताच, दुखत नसले तरी, त्याच दिवशी चालणे थांबवून चिकित्सकाकडे जावे.