अथेन्सचे फिरंगी ड्यूक

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात थिसिअस हा अथेन्सचा ड्यूक आहे. ग्रीक पुराणकथांमध्ये मिनोटॉरला मारणारा हा वीर अथेन्सचा राजा होता. ड्यूक ही तर मध्ययुगीन पश्चिम युरोपातली सरंजामी पदवी. नाटककाराने काळाचा घोळ घातला आहे असे समजून आपण पुढे वाचू लागतो. पण शेक्सपिअरच्या दोनशे वर्षे आधी चॉसरनेही थिसिअसला ड्यूकच म्हटले होते. त्याच्या आधी बोकाचिओने, आणि त्याच्याही आधी दान्तेने ‘इन्फर्नो’त हेच केले होते. या कवींनी ही पदवी हवेतून आणलेली नव्हती. दान्तेच्या काळात अथेन्सला खरोखरच ड्यूक होता आणि तो मुळात बर्गंडीहून आलेल्या एका फ्रेंच घराण्यातला होता.

हे घराणे तिथे पोहोचले ते चौथ्या धर्मयुद्धामुळे. जेरुसलेम मुक्त करायला निघालेली ही फौज कर्ज, व्हेनिसचे हितसंबंध आणि बायझंटाइन राजघराण्यातली भाऊबंदकी यांच्या फेऱ्यात सापडली आणि एप्रिल १२०४ मध्ये तिने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. मग साम्राज्याची वाटणी सुरू झाली. मोंफेराचा बोनिफास थेसालोनिकी घेऊन दक्षिणेकडे सरकला आणि अथेन्स व थीब्जचा मुलूख त्याने ओतों द ला रोश या सरदाराला दिला. ग्रीकांच्या लेखी हे सगळे पश्चिमी लोक ‘फ्रँक’. याच शब्दाचे रूप अरबी-फारसीतून प्रवास करत आपल्याकडे ‘फिरंगी’ म्हणून आले. ग्रीक इतिहासात या कालखंडाला ‘फ्रँगोक्रातिया’ म्हणतात. आपल्या शब्दांत सांगायचे तर फिरंगी अंमल.

त्या वेळी अथेन्स हे एक उतरती कळा लागलेले प्रांतिक गाव होते. पार्थेनॉनमध्ये कित्येक शतकांपासून मेरीमातेचे चर्च होते. तिथला आर्चबिशप मायकल कोनिआतिस हा मोठा विद्वान. ओतोंच्या आधी नॉप्लियाचा ग्रीक सरदार लिओ स्गूरोस अथेन्सवर चालून आला तेव्हा याच धर्मगुरूने अक्रॉपोलिस लढवून राखला होता. फ्रँक आले तेव्हा मात्र प्रतिकार व्यर्थ आहे हे ओळखून त्याने किल्ला स्वाधीन केला. त्याचा ग्रंथसंग्रह विखुरला आणि तो स्वतः केआ बेटावर जाऊन राहिला. पार्थेनॉनमध्ये लॅटिन आर्चबिशप बसला. अथेन्सजवळचा डाफ्नीचा मठ सिस्टर्शियन संन्याशांना मिळाला आणि पुढे तिथेच या घराण्याची दफनभूमी झाली.

हे राज्य चालत कसे होते? राजधानी व्यवहारात थीब्ज होती, कारण तिथला रेशीम उद्योग पैसा आणून देत असे. जमिनी सरदारांना जहागिरीदाखल वाटलेल्या आणि त्या बदल्यात त्यांनी लढाईला घोडेस्वार घेऊन यायचे. खाली ग्रीक शेतकरी, ग्रीक कारागीर आणि गावोगावचे ग्रीक पुरोहित. वरचा थर मूठभर माणसांचा. म्हणजे राज्य म्हणजे जवळजवळ काही घराण्यांचे गोत होते आणि त्याचा कारभार समजून घ्यायचा तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा सोयरिकीच वाचाव्या लागतात. ओतोंचा वारस गी द ला रोश याच्या बहिणीचे लग्न सेंतोमेर घराण्यात झाले आणि त्या लग्नाबरोबर अर्धे थीब्ज त्या घराण्याकडे गेले. त्या घराण्यातल्या निकोलसने पुढे अँटिऑकच्या राजकन्येशी विवाह केला आणि तिच्या संपत्तीतून थीब्जमध्ये चित्रांनी सजलेला भव्य किल्ला बांधला. आज त्याचा एक बुरूज तेवढा उरला आहे.

गीचे नशीबही या नात्यागोत्यांच्या राजकारणातच फिरले. दक्षिणेकडच्या अकेया संस्थानाचा राजा विल्यम व्हिलार्दुआँ याच्याशी त्याचे बिनसले आणि १२५८ मध्ये कारिदीच्या लढाईत तो हरला. त्याच्या अपराधाचा निवाडा करायला त्याला थेट फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याकडे पाठवण्यात आले. लुईने त्याला सौम्यपणे वागवले. ड्यूक ही पदवी तेव्हाच मिळाली असे परंपरा सांगते. इकडे १२५९ मध्ये पेलागोनियाच्या लढाईत खुद्द विल्यम बायझंटाइन सैन्याच्या हाती सापडला. काल आरोपी म्हणून गेलेला गी परत आला तो अकेयाचा कारभारी म्हणून. विल्यमला सोडवण्यासाठी तीन किल्ले द्यायचे की नाही, हे ठरवायला १२६१ च्या सुमारास निक्ली येथे सभा भरली. बहुतेक सरदार कैदेत किंवा मृत, त्यामुळे सभेत बसल्या त्यांच्या बायका आणि विधवा. किल्ले देऊ नयेत असे गीचे म्हणणे होते. सभेने ते मानले नाही. इतिहासात ही ‘स्त्रियांची संसद’ म्हणून ओळखली जाते. त्यात स्त्रियांचे धैर्य आहेच, पण राज्याचा थर किती पातळ होता तेही दिसते. एक लढाई हरली की निर्णय घ्यायला पुरुष उरत नव्हते.

पुढची लढाई तर सगळेच घेऊन गेली. १३०८ मध्ये गीचा नातू दुसरा गी निपुत्रिक वारला आणि गादी त्याच्या आतेभावाकडे, ब्रिएन घराण्याच्या पाचव्या वॉल्टरकडे आली. शेजारच्या थेसालीवर वर्चस्व मिळवण्यासाठी वॉल्टरने ‘कॅटलान कंपनी’ नावाची भाडोत्री फौज पदरी ठेवली. या फौजेला आधी बायझंटाइन सम्राटाने तुर्कांविरुद्ध आणले होते. तिचा म्होरक्या रॉजर द फ्लोर याचा १३०५ मध्ये खून झाल्यावर ती लूटमार करत दक्षिणेकडे सरकली होती. सहा महिन्यांत तिने वॉल्टरला तीसहून अधिक किल्ले जिंकून दिले. काम झाल्यावर वॉल्टरने त्यांतले निवडक पाचशे लोक ठेवून घेतले आणि उरलेल्यांना थकलेला पगार न देताच चालते व्हायला सांगितले.

१५ मार्च १३११ रोजी थेसालीतल्या हाल्मिरोसजवळ दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. कॅटलानांनी आपल्या पुढची जमीन पाणी सोडून दलदलीची करून ठेवली होती. ठेवून घेतलेले ते पाचशे जणही ऐन वेळी आपल्या जुन्या सोबत्यांना जाऊन मिळाले. चिलखतातले घोडेस्वार वेगाने धावून गेले ते चिखलात रुतले. वॉल्टर पडला आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सगळा सरदारवर्ग. कॅटलान इतिहासकार मुंतानेर सातशे सरदारांपैकी दोनच वाचल्याचे सांगतो. त्याचे आकडे फुगवलेले असतील, पण परिणाम स्पष्ट आहे: एका दिवसात राज्याची मालकी बदलली. विजेत्यांनी मृतांच्या जहागिरी वाटून घेतल्या आणि त्यांच्या विधवांशी लग्ने लावली. नेतृत्व करायला त्यांच्यात उच्चकुलीन कोणी नव्हता, म्हणून वाचलेल्या दोघांपैकी रॉजर देलोर याला, म्हणजे कालच्या शत्रूलाच, त्यांनी आपला प्रमुख केले. नंतर सिसिलीच्या राजघराण्याकडे मुलाची मागणी केली. यापुढचे बहुतेक ड्यूक अथेन्सला फिरकलेसुद्धा नाहीत.

जमीन गेली तरी पदवी गेली नव्हती. मारल्या गेलेल्या वॉल्टरचा मुलगा सहावा वॉल्टर स्वतःला अथेन्सचा ड्यूकच म्हणवत राहिला. १३३१ मधली त्याची मोहीम फसली. १३४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्याला आपल्या शहराचा धनी केले, आणि वर्षाच्या आत त्याच लोकांनी त्याला हाकलून लावले. शेवटी १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत तो फ्रान्सच्या बाजूने लढताना पडला. पुढे त्याच फ्लॉरेन्समधून एक खरा ड्यूक अथेन्सला मिळाला. आच्चायुओली या सावकारी घराण्यातल्या नेरिओने आधी कॉरिंथमध्ये बस्तान बसवले आणि कॅटलान सत्ता खिळखिळी होताच १३८८ मध्ये अक्रॉपोलिस घेतला. आरागोनचा राजा चौथा पेद्रो याने त्यापूर्वी आठच वर्षे, १३८० मध्ये, अक्रॉपोलिसला जगातले सर्वांत मौल्यवान रत्न ठरवले होते. त्या पत्रात त्या रत्नाच्या रक्षणासाठी मंजूर झालेले शिपाई होते दहा-बारा!

पण कॅटलान अमलातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची व्यक्ती राजा नाही की सरदारही नाही. ती आहे दिमित्रिओस रेंदी हा अथेन्सचा ग्रीक दस्तलेखक. कॅटलानांच्या राज्यात ग्रीकांना फ्रँकांचे हक्क नव्हते आणि दोहोंमध्ये लग्नसंबंधांनाही मज्जाव होता. मात्र कागदपत्रे लिहायला, करार समजावून सांगायला स्थानिक माणूस लागतोच. १३६२ मध्ये रेंदीला खास सनदेने फ्रँकांचे हक्क मिळाले. त्याची मुलगी मारिया नेरिओची सहचारिणी झाली. १३९४ मध्ये नेरिओ वारला तेव्हा मृत्युपत्राने त्याने अथेन्स शहरच पार्थेनॉनमधल्या मेरीमातेच्या चर्चला देऊन टाकले. तो कैदेत असताना खंडणीसाठी त्या चर्चच्या दारांचा चांदीचा पत्रा काढावा लागला होता, तो पुन्हा बसवावा असेही त्याने लिहून ठेवले. मेरीमातेकडे हे शहर फार दिवस राहिले नाही. मध्ये व्हेनिसने ते ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून ते मिळवले मारियाचा मुलगा आंतोनिओ याने. १४३५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, त्याने राज्य केले. दोनशे वर्षांच्या फिरंगी अमलानंतर अथेन्सच्या गादीवर ग्रीक आईचा मुलगा बसला होता. १४५६ मध्ये ऑटोमन सैन्याने शहर घेतले, दोन वर्षांनी अक्रॉपोलिसही गेला आणि १४६० मध्ये शेवटचा ड्यूक फ्रँको मारला गेला.

स्वतंत्र ग्रीसला अक्रॉपोलिसवर पेरिक्लीसचा काळ तेवढा हवा होता. प्रवेशद्वाराशी उभा असलेला मध्ययुगीन मनोरा १८७५ मध्ये पाडण्यात आला. खर्च ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमनने दिला. एका राष्ट्राने स्वतःच्या ओळखीसाठी काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हा प्रश्न त्या दगडांबरोबर मिटला नाही. अडीचशे वर्षांत फ्रेंच, कॅटलान, इटालियन अशी तीन माणसे अथेन्सची मालक म्हणून आली आणि प्रत्येक वेळी वरचा थर समूळ बदलला. खालचा ग्रीक शेतकरी आणि कागद लिहिणारा कारकून तिथेच राहिला. ला रोश आणि ब्रिएन ही नावे आज अथेन्समध्ये अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाहीत. अथेन्स आणि पिरेउस यांच्यामध्ये मात्र रेंडिस नावाचे एक उपनगर आहे. ते नाव त्या दस्तलेखकाच्या घराण्यावरून आले असे मानतात.