खसखशीएवढ्या मेंदूचे २ कोटी फोटो! माशीच्या मेंदूचा नकाशा कॉम्प्युटरने कसा तयार केला?

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी बारीक फळमाशी प्रत्येकाने पाहिलेली असते. तिचा मेंदू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा. पण त्यातल्या एकूण एक चेतापेशीचा नकाशा तयार व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं!

आधी हे काम हाताने व्हायचं

१९८६ मध्ये पहिल्यांदा एका प्राण्याच्या मज्जासंस्थेचा जवळपास पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. तो प्राणी म्हणजे १ मिलिमीटर लांबीचा एक कृमी. त्याच्या चेतापेशी फक्त ३०२, तरीही फोटोंवर हाताने खुणा करत काम संपवायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. फळमाशीच्या मेंदूत चेतापेशी आहेत १,३९,२५५. आता करा हिशोब!

कॉम्प्युटर नक्की काय करतो?

माशीच्या मेंदूचे सुमारे ७,००० काप केले गेले. आपला केस यातल्या एका कापापेक्षा साधारण दोन हजार पट जाड असतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने या कापांचे २ कोटींहून जास्त फोटो काढले.

कॉम्प्युटर आधी हे फोटो एकमेकांवर नीट जुळवतो. मग एआय प्रत्येक पेशीच्या कडा ओळखतं आणि तीच पेशी पुढच्या कापात कुठे गेली ते शोधतं. असं करत करत पेशीचा थ्रीडी आकार उभा राहतो.

पण इथेच गडबड होते

एखादा काप फाटलेला किंवा सरकलेला असेल, तर कॉम्प्युटर फसतो. कधी एकाच पेशीचे दोन तुकडे करतो, तर कधी दोन वेगळ्या पेशी एकत्र जोडतो. अशी एक जोडणी चुकली, की मेंदूत नसलेला रस्ता नकाशावर दिसू लागतो.

म्हणून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या 'फ्लायवायर' प्रकल्पात शास्त्रज्ञांबरोबर हौशी गेमर्सनीही या चुका दुरुस्त केल्या. हे काम एकट्या माणसाने केलं असतं, तर अंदाजे ३३ वर्षं लागली असती! शेवटी पेशींमधल्या ५ कोटींहून जास्त जोडण्या समोर आल्या.

माणसाच्या मेंदूचं काय?

२०२४ मध्येच हार्वर्ड आणि गुगलने मानवी मेंदूच्या १ घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध केला. अपस्माराच्या (फिट येण्याच्या) एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेत हा तुकडा काढावा लागला होता. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या सापडल्या. हा डेटा तब्बल १,४०० टेराबाइट भरला! पण यातल्या फार थोड्या पेशी माणसांनी तपासल्या आहेत.

आपल्या मेंदूत तर सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मेंदूच्या आजारात नेमकी कुठली जोडणी बिघडते हे कळायला असेच नकाशे लागणार आहेत. आणि नकाशा चुकला, तर पुढचा शोधही चुकीच्या रस्त्याने जाणार. म्हणूनच कॉम्प्युटर कितीही वेगवान झाला, तरी शेवटची नजर आजही माणसाचीच लागते.