आंबा बागायतदार आणि त्याचे संकेतस्थळ

कोकणातील हापूस आंबा वाशीच्या बाजारात पोहोचला, की पुढे तो अनेक हातांतून जातो आणि बागायतदाराचे नाव मागे राहते. घरी पेटी नेणाऱ्या ग्राहकाच्या कानावर ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ एवढाच शब्द पडतो, आणि तोही दर वेळी खरा असतोच असे नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनातून मुक्त केली. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. थेट विक्रीची वाट अशी मोकळी झाली. मात्र पुण्यातील वा नागपुरातील अनोळखी ग्राहकाने न पाहिलेल्या बागेतील आंब्यासाठी आगाऊ पैसे का द्यावेत, हा प्रश्न उरतोच. बागायतदाराचे संकेतस्थळ हे या प्रश्नाचे उत्तर होय, किंबहुना ते तसे असावयास हवे.

अनेक संकेतस्थळे हे उत्तर देत नाहीत. उघडताच सरकणारी चित्रे दिसतात, कोकणच्या निसर्गाचे वर्णन येते. आणि पेटीचा भाव काय, हे शोधता शोधता ग्राहक कंटाळून निघून जातो. दुकानात गिऱ्हाईक जे विचारते तेच तो येथेही मनात विचारीत असतो. पेटीत किती डझन? एक फळ साधारण किती ग्रॅमचे? आंबा तयार येणार की कच्चा? माझ्या गावी किती दिवसांत पोहोचेल? खराब निघाला तर? दुकानदार समोर नसल्याने ही उत्तरे लिहून ठेवणे एवढेच संकेतस्थळाचे मुख्य काम आहे, आणि ती पहिल्याच पृष्ठावर असणे अगत्याचे आहे.

यांतील शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हापूसमध्ये ‘साका’ हा दोष असतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. निष्णात बागायतदारालाही तो बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून ‘एकही फळ खराब निघणार नाही’ अशी ग्वाही देणे म्हणजे स्वतःच्या शब्दाला कमीपणा आणणे होय. त्याऐवजी साका म्हणजे काय हे चार ओळींत सांगून, असे फळ निघाल्यास किती तासांत छायाचित्र पाठवावे आणि त्याबदली फळ मिळेल की पैसे, हे स्पष्ट लिहावे. दोष आधीच सांगणाऱ्या विक्रेत्यावर ग्राहक अधिक विसंबतो. आंबा पिकविण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, हे ग्राहकास ठाऊक असते. आपला आंबा पेंढ्याच्या आढीत पिकतो की इथिलीन वायूच्या कक्षात, हे त्याला कळावयास हवे. अर्धकच्चा आंबा पाठविला जात असेल तर तो घरी कसा ठेवावा, पिकण्यापूर्वी शीतकपाटात का ठेवू नये, हेही तेथेच सांगावे.

ग्राहक संरक्षणाचे ई-वाणिज्य नियम २०२० पासून लागू आहेत. संकेतस्थळावरून नियमित व्यवसाय करणाऱ्याने आपले अधिकृत नाव, पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि परताव्याच्या अटी प्रदर्शित करणे त्यांत अभिप्रेत आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे असा दंडक आहे. अर्थात आंब्याच्या बाबतीत महिनाभर थांबणे निरर्थकच. बागायतदार भौगोलिक निर्देशांकाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला असल्यास तो क्रमांक द्यावा. नोंदणी केवळ जिल्ह्यात बाग असल्याने आपोआप होत नाही. आंबापोळी, आमरस असे पदार्थ विकावयाचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वेगळी.

आता सर्वाधिक दुर्लक्षित बाब. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे नोंदला आहे? पुष्कळदा संकेतस्थळ तयार करून देणारा तरुण तो स्वतःच्या नावे घेतो. पत्ता कायमचा विकत मिळत नाही, ठराविक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरणाची सूचना त्या तरुणाच्या ई-पत्त्यावर जाते, तो दुसऱ्या कामात गुंतलेला असतो, मुदत टळते आणि तो पत्ता अन्य कोणीही घेऊ शकतो. पेटीवर छापलेला पत्ता वाचून येणारा जुना ग्राहक मग परक्याच्या दारात उभा राहतो. तेव्हा नोंदणी बागायतदाराच्याच नावे, त्याच्याच दूरध्वनी क्रमांकावर हवी आणि परवलीचा शब्द घरात लिहून ठेवलेला हवा. देवनागरीत ‘.भारत’ हा पत्ता २०१४ पासून मिळू शकतो. तो घेतला तरी रोमन लिपीतील पत्ता सोबत असणे सोयीचे.

बांधणीविषयी थोडेसेच. मोबाइलवर काढलेले छायाचित्र अनेकदा तीन-चार मेगाबाइटचे असते. ते शे-दोनशे किलोबाइटवर आणले नाही तर मंद जोडणीवर पृष्ठ उघडतच नाही. दरपत्रक चित्ररूपाने चिकटवू नये, अक्षरांतच लिहावे, म्हणजे शोधयंत्राला ते नीट वाचता येते. मजकूर मराठीत व इंग्रजीत असावा. छायाचित्रे आपल्याच बागेची हवीत. दुसऱ्याची उसनी चित्रे लावून आगाऊ रक्कम लाटणारी बनावट दुकानेही याच माध्यमात उभी राहतात, आणि खरा बागायतदार त्यांच्याहून वेगळा दिसावयास हवा.

संकेतस्थळ तयार झाल्यावर त्याची परीक्षा घेणे अवघड नाही. गावातील शाळेत वा ग्रामपंचायतीत, ज्याने ते पूर्वी पाहिलेले नाही अशा व्यक्तीच्या हाती साधा मोबाइल द्यावा आणि पेटीचा भाव, पोहोचण्याचा दिवस व खराब फळाची अट शोधण्यास सांगावे. एका मिनिटात तिन्ही गोष्टी सापडल्या नाहीत तर दोष तिचा नव्हे. शिक्षकांनी मजकुराची भाषा तपासून दिली तरी मोठे साहाय्य होईल.

हंगामात भाव आठवड्याआठवड्याला बदलतो. गतवर्षीचा भाव तसाच राहिलेले पृष्ठ भाव नसलेल्या पृष्ठाहून अधिक हानी करते. ही जबाबदारी घरातील एका व्यक्तीकडे सोपवावी. आंबा संपताच ‘या वर्षीचा माल संपला’ असे तारखेसह लिहावे, पुढील वर्षीची नोंदणी केव्हा सुरू होईल ते सांगावे आणि ग्राहकांचे क्रमांक, त्यांच्या संमतीवाचून कोणासही न देता, पुढील हंगामाकरिता जपून ठेवावेत.