अधिवेशनाचे सूप वाजल्यावर

डिसेंबरात विधिमंडळ नागपूरला आले की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघू लागतात. अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, धरणग्रस्त. टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलिसांचे कठडे लागतात आणि मोर्चा तिथेच ठाण मांडतो. शिष्टमंडळ आत जाते, मंत्र्यांच्या हाती निवेदन देते आणि बाहेर येऊन सांगते, 'सकारात्मक आश्वासन मिळाले.' काही दिवसांत अधिवेशनाचे सूप वाजते. मोर्चेकरी गावी परततात आणि मंत्री मुंबईला. त्या आश्वासनाचे पुढे काय होते, हे मात्र नंतरच्या महिन्यांत किती चिकाटीने पाठपुरावा झाला त्यावर ठरते. आपल्याकडच्या पुरोगामी चळवळींनी जे काही मिळवले, त्यातला मोठा वाटा या बिनगाजावाजाच्या महिन्यांचा आहे.

मंजुरीनंतरचा रस्ता

दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले की कायदा झाला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते आधी राज्यपालांकडे जाते. समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. त्यानंतर राजपत्रात प्रसिद्धी, मग अंमलाची तारीख. पुढे नियम, अधिकाऱ्यांच्या नेमणुका, निधी आणि शासन निर्णय. यातल्या कुठल्याही पायरीवर कायदा अडकू शकतो.

सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचा प्रवास पाहा. जातपंचायतींच्या जाचाच्या घटना 2013 पासून एकामागून एक उजेडात आल्या आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान हाती घेतले. विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा लागू व्हायला जुलै 2017 उजाडला. सव्वा वर्ष गेले. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला एवढा काळ किती लांब वाटला असेल! ज्यांनी या काळात विषय थंड होऊ दिला नाही, ते कार्यकर्ते आमदारांइतकेच या कायद्याचे कर्ते आहेत.

कलम आणि पोलीस ठाणे

या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातले कोणीही पोलिसांकडे जाऊ शकते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार करू शकते. पण तक्रार करणाऱ्याला राहायचे असते त्याच गावात. दुकानदार माल देत नाही, लग्नाला बोलावणे नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. असा माणूस एकटा पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. त्याच्याबरोबर जाणारे कोणी लागते. 'तुमचा आपसातला मामला आहे, मिटवून घ्या' असे उत्तर मिळाले तर कलम दाखवून शांतपणे तिथेच बसून राहणारे कोणी लागते.

जादूटोणाविरोधी कायद्याचा धडाही हाच आहे. विधानसभेने 2005 मध्ये मंजूर केलेले विधेयक विधान परिषदेत अडकले. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा संमत झाला. त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपल्या भागात हा अधिकारी कोण, हे किती गावांत ठाऊक आहे? ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घेणे हेसुद्धा चळवळीचेच काम आहे.

आश्वासनाची वसुली

मार्च 2018 मध्ये नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. रक्ताळलेल्या पायांनी आदिवासी शेतकरी सुमारे 180 किलोमीटर चालत 12 मार्चला मुंबईत पोहोचले. अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होते. शासनाने लेखी आश्वासन दिले, त्यात वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचाही शब्द होता. तो नीट पाळला गेला नाही म्हणून फेब्रुवारी 2019 मध्ये शेतकरी पुन्हा निघाले. मार्च 2023 मध्ये पुन्हा. या वेळी मोर्चा वासिंदला थांबला, तरी मान्य मागण्यांचे निवेदन सभागृहात मांडले जाईपर्यंत आणि अंमलाचे आदेश खाली पोहोचू लागेपर्यंत शेतकरी तिथून हलले नाहीत. पाच वर्षांत ते एक गोष्ट पक्की शिकले होते: तोंडी शब्दापेक्षा कागद भक्कम आणि सभागृहात मांडलेला कागद त्याहून भक्कम.

गावातून मंत्रालयाकडे

कधी हा प्रवास उलट दिशेनेही होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ते राजर्षी शाहू महाराजांचे स्मृतिशताब्दी वर्ष होते. दोन आठवड्यांच्या आत शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेच आवाहन केले. विधिमंडळात एकही विधेयक न मांडता एका गावाने राज्याला पाऊल उचलायला लावले. मात्र ठराव प्रत्येक घरात उतरायचा तर दारात दुःख आलेले असताना 'राहू दे तिचे कुंकू' असे म्हणणारी शेजारीण लागते.

पुढच्या अधिवेशनापर्यंत

विधिमंडळाची तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. मधल्या काळात नागरिकांच्या हाती बरेच काही असते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द कार्यवाहीत नोंदलेला असतो, तो शोधून त्याची प्रत जपावी. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या त्याच कामासाठी आहेत, आपल्या आमदाराला तिथे विषय लावून धरायला सांगावे. विनंती अर्ज समितीचा मार्गही खुला आहे. खात्याने काय केले हे माहितीच्या अधिकारात विचारावे, 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नाचा मसुदाच आमदाराच्या हाती द्यावा. आणि ग्रामसभेला जावे, बायकांनी तर जावेच.

मोर्चाला हजारो लागतात. पाठपुराव्याला गावात पाच माणसे पुरतात, मात्र ती वर्षभर टिकली पाहिजेत. कुणी निवेदनांच्या तारखा वहीत लिहील, कुणी तालुक्याला खेपा घालील, कुणी घाबरलेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात बसेल. आपल्या गावात अशी पाच माणसे नसतील, तर त्यातले पहिले आपण व्हावे.