पाल छतावर की छताला?

गंगाखेड तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. विषय प्रेपोझिशन. सरांनी व्याख्या न लिहिता वर बोट दाखवलं, "ती पाल कुठं हाय?" "छताला!" "आता इंग्रजीत." एकाने 'अंडर' म्हटलं, दुसरीने 'टू'. सरांनी फळ्यावर लिहिलं : 'ऑन द सीलिंग'.

पोरं बुचकळ्यात पडली. 'ऑन' म्हणजे वर, हे त्यांचं आधीपासून पाठ. सर म्हणाले, "ऑनला वर-खालीचं घेणं नाही. टेकलं, चिकटलं, लागून असलं की ऑन." मग भिंतीवरचा नकाशा, बोटातली अंगठी आणि गोदावरीकाठचं गंगाखेड, तिन्ही एका 'ऑन'मध्ये बसली. मराठीत मात्र तिघांची सोय वेगवेगळी.

उलट बाजूने आपला 'ला' फार कामं करतो. परभणीला जातो, परभणीला राहतो, पाचला सुटते. इंग्रजीत पहिल्याला 'टू', दुसऱ्याला 'इन', तिसऱ्याला 'ॲट'. म्हणूनच वहीत 'आय लिव्ह टू परभणी' उतरतं. तारखांचंही तसंच. 'इन १९४८', 'इन सप्टेंबर'. पण मराठवाडा मुक्त झाला तो दिवस सांगायचा तर 'ऑन १७ सप्टेंबर १९४८'. दिवस आला की महिना-वर्ष सोबत असूनही 'ऑन'च लागतं.

खरी गंमत पुढे होती. प्रेपोझिशन आणि त्याच्यामागून येणारं नाम मिळून जो शब्दसमूह होतो, तो वाक्यात काय काम करतो? सरांनी दोन वाक्यं लिहिली : 'द बुक इज ऑन द टेबल' आणि 'द बुक ऑन द टेबल इज माइन'. 'ऑन द टेबल' दोन्हीकडे अक्षरशः सारखं. सरांची कसोटी साधी : मराठी करा. पहिलं 'पुस्तक टेबलावर आहे', दुसरं 'टेबलावरचं पुस्तक माझं आहे'. चा-ची-चं लागलं की तो समूह नामाला चिकटलेला, विशेषणाचं काम करणारा. इंग्रजी शब्दाचं रूप न बदलता जागेवरून जे सांगते, ते आपण प्रत्ययाने सांगतो.

मग आलं कोडं : 'आय सॉ द गर्ल फ्रॉम द बस'. एक मुलगी म्हणाली, "बसमधून मुलगी पाहिली." शेजारची म्हणाली, "नाही, बसमधली मुलगी पाहिली." सर म्हणाले, "दोघी बरोबर." इंग्रजीत हा घोळ मागच्या-पुढच्या संदर्भावरच सुटतो. मराठीत 'मधून' आणि 'मधली' म्हटलं की घोळ उरतच नाही.

शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, लग्न त्याच्या'शी' होतं, मंग 'मॅरीड विथ' का नाही?" या जागी कसोटी चालत नाही. 'मॅरीड टू', 'गुड ॲट', 'अफ्रेड ऑफ' या जोड्या आहेत, त्या जोडीनेच पाठ करायच्या. सरांनी फळ्यावर गाळलेल्या जागा लिहिल्या आणि बजावलं, "नुसती रिकामी जागा बघून भरू नका. कधी उत्तर मागच्या शब्दात असतं, कधी पुढच्या. दोन्ही बाजू वाचा, मग पेन उचला."