खण आणि माळवद

मराठवाड्यातील जुन्या कुणबाऊ घराचे माप फुटांत नव्हे, खणांत सांगितले जाई. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. घर किती खणी आहे हे कळले की त्यातील खांबांची मांडणी आणि घरधन्याची ऐपत, दोहोंचाही अंदाज येई. मेजाचा खण हा याच शब्दाचा आप्त होय.

हिंगोलीच्या मुलखात (हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला) अशा घरांवर माळवद असे. तुळयांवर लाकूड अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर देत. शेतातील काळी माती या कामी निरुपयोगी. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. गावठाणास ‘पांढरी’ व शिवारास ‘काळी’ म्हणण्याच्या रूढीशी हे चांगले जुळते.

गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी नवी माती चढे, आणि छताचा भार वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हा भार जीवघेणा ठरला. तथापि सारा दोष माळवदाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, तरी कित्येक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यासही ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. उरलेल्या माळवदांवरील माती उतरवावी की घरच पाडावे, याचा निर्णय घेण्यापूर्वी खण तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.