हॉर्न, कट आणि गचांडी: रस्त्यावरचा राग मोजायचा कसा आणि स्वसंरक्षण कुठे संपतं

राजकमल चौकात सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हललीच नाही, तर मागचा माणूस हॉर्न वाजवायला किती वेळ घेईल? हसू नका, यावर खरंच शोधनिबंध आहे. १९६८ साली अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या संशोधकांनी अमेरिकेत मुद्दाम सिग्नलवर गाडी अडवून ठेवली. कधी चकचकीत महागडी, कधी जुनी खटारा. खटाऱ्यामागे अडकलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला, महागड्या गाडीमागे फक्त ५० टक्क्यांनी. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावलीही दिली होती: अशा वेळी तुम्ही काय कराल? मुलांनी लिहिलं की महागड्या गाडीला आम्ही लवकर हॉर्न मारू. रस्त्यावर घडलं नेमकं उलटं.

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवा. रागाबद्दल विचारलं की माणूस आपण कसे असायला हवं ते सांगतो.

आता हाच प्रयोग अमरावती किंवा अकोल्यात जसाच्या तसा करता येईल का? माझं मत, नाही. तिथं हॉर्न म्हणजे चिडणं. आपल्याकडे हॉर्न म्हणजे ‘मी येऊन राहिलो’ एवढंच. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायची पद्धत इतकी मुरली होती, की २०१५ मध्ये महाराष्ट्रात त्यावर बंदी आणावी लागली. म्हणजे आपलं चलच वेगळं मोजतं, आणि याला म्हणतात वैधतेचा प्रश्न. शिवाय जिवंत चौकात गाडी अडवून लोकांना चिडवायची परवानगी आज कोणती नीतिमत्ता समिती देईल, तेही सांगा.

दुसरा रस्ता म्हणजे मापनश्रेणी. जेरी डेफेनबाकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वाहन चालवतानाच्या रागाची ३३ विधानांची श्रेणी काढली. तिचं १४ विधानांचं छोटं रूपही आहे. त्यात रागाची सहा कारणं आहेत: दुसऱ्याचे हातवारे-शिव्या, नियम मोडणं, पोलीस दिसणं, हळू चालवणं, उद्धटपणा आणि वाहतुकीतले अडथळे. मराठीत नुसतं भाषांतर करून भागणार नाही. उलट भाषांतर करून तपासा, मूर्तिजापूर-बडनेऱ्याकडच्या लोकांवर आधी पायलट घ्या. आपल्याकडचा अडथळा म्हणजे रस्त्यात बसलेली गाय, वरातीचा डीजे, चुकीच्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर. ते मूळ विधानांत नाहीत.

आणखी एक धागा. १९९५ च्या एका क्षेत्रीय अभ्यासात उघड्या आणि बंद टपाच्या गाड्यांची तुलना झाली. टप बंद असलेले, म्हणजे चेहरा न दिसणारे चालक लवकर आणि जास्त हॉर्न वाजवत होते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात अर्धा गाव तोंडाला दुपट्टा बांधून गाडी चालवतो. त्या दुपट्ट्यानं राग वाढतो का? कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

हे सगळं चौकात उभं राहिल्यावर काय कामाचं? थोडं आहे. समोरच्यानं कट मारला की आपण म्हणतो ‘माजला आहे’. आपण मारला की ‘घाई होती, दवाखान्यात जायचं होतं’. सामाजिक मानसशास्त्रात या चुकीला नाव आहे, ली रॉस यांनी ते १९७७ मध्ये दिलं: मूलभूत गुणारोपण दोष. वाद तिथून सुरू होतो आणि कधी फार लांब जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत मालाडला रिक्षाच्या कटवरून झालेल्या भांडणात एका तरुणाला जमावानं मारून टाकलं. त्याची आई त्याला वाचवायला अंगावर आडवी पडली होती.

म्हणून साध्या गोष्टी. कारमध्ये असाल तर काच वर, दारं लॉक, खाली उतरायचं नाही. दुचाकीवर काच नसते, तिथं दोन गोष्टी सांभाळा. चावी: समोरचा पहिलं तीच काढून घेतो. आणि हेल्मेट: वाद सुरू असताना काढू नका, पडल्यावर डोकंच रस्त्यावर आपटतं. कोणी पाठलाग करत असेल तर घराकडे वळू नका; पेट्रोल पंप, टोलनाका, पोलीस ठाणं गाठा आणि ११२ लावा. गाडीचा नंबर ध्यानात ठेवा, पण त्याच्या तोंडासमोर मोबाईल नाचवू नका. ‘भाऊ, चुकलं, जा तुम्ही पुढे’ म्हणण्यात कोणाची इज्जत जात नाही.

आणि तरीही हात पडलाच तर? मी विज्ञानाचा विद्यार्थी, वकील नाही. पण कायद्याचं गणित समजण्यासारखं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. स्वतःचं शरीर वाचवता येतं, दुसऱ्याचंही. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. पहिला फटका खायची वाट बघावी लागत नाही. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हक्क उरत नाही. भीती संपली की हक्कही संपला. त्यानं गचांडी धरली आणि तुम्ही ढकलून सुटलात, तर तो बचाव. तो गाडीकडे परत निघाला आणि तुम्ही डिक्कीतून रॉड काढून मागे गेलात, तर आता हल्लेखोर तुम्ही. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं, की जीव धोक्यात असलेल्या माणसाकडून सोन्याच्या तराजूत तोलून मारण्याची अपेक्षा नसते. म्हणजे थोडी सूट आहे, पण ती भीतीला आहे, रागाला नाही.

राग किती महाग पडतो त्यासाठी नवज्योत सिंग सिद्धूंचा खटला वाचा. पतियाळा, २७ डिसेंबर १९८८, रस्त्यातल्या गाडीवरून वाद, मारहाण, ६५ वर्षांच्या माणसाचा मृत्यू. १९९९ मध्ये सुटका, २००६ मध्ये उच्च न्यायालयाकडून तीन वर्षं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फक्त हजार रुपये दंड. मग फेरविचार, आणि १९ मे २०२२ रोजी एक वर्षाची सक्तमजुरी. न्यायालयाचं म्हणणं, धडधाकट माणसाचा नुसता हातही हत्यार ठरू शकतो. तेहतीस वर्षं मोजा.

संशोधकाला शेवटी डेटा लागतो, आणि इथं गोची आहे. संहितेत ‘रोड रेज’ नावाचं कलमच नाही. असे गुन्हे मारहाण ११५, अडवणूक १२६, धमकी ३५१, शिवीगाळ ३५२ यांत विखुरलेले असतात. त्याच कलमांत धुऱ्याची भांडणंही असतात अन् नळावरचीही. महाराष्ट्र पोलीस संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर ऑनलाइन टाकतात. अमरावती शहर आणि अकोला जिल्ह्याच्या एका वर्षाच्या एफआयआरचा मजकूर वाचून रस्त्यावरच्या घटना वेगळ्या काढता येतील. पण कशाला रोड रेज म्हणायचं याची व्याख्या वाचायला बसण्याआधी लिहून ठेवा. कोडिंग दोघांनी वेगवेगळं करा, मग कोहेनचा कापा काढा. तो कमी आला तर गाईडकडे जाण्याआधी व्याख्येवर परत बसा.